शेवटची टोपली

मोठं जाळं ओढलं की त्यात नुसता मासा येत नाही. शंख येतात, शेवाळ येतं, कोणाची तरी मागच्या साली हरवलेली चप्पल येते. तलावावर पन्नास वर्षं काढलेल्या माणसाकडे किस्से असेच येऊन साठतात. तो मागायला जात नाही.

मी चौथी शिकलो. फार बोलत नाही. पण आमच्या बायांचे किस्से आता साकोलीच्या चहाच्या टपरीवर पोचले आहेत, आणि लोक ते चुकीचे सांगतात. परवा एक जण सांगत होता की बायांनी विळे काढले होते. साफ खोटं! विळा कोणी काढला नाही. आवाजसुद्धा कोणी चढवला नाही. मी तिथेच होतो. खुर्चीवर.

म्हणून जे झालं ते सांगतो. कमी नाही, जास्त नाही.

*

आमचं गाव तलावाचं. आम्ही ढीवर. तलाव मच्छीमार सोसायटीकडे आणि सोसायटीचा चेअरमन मी. पुरुष जाळं ओढतात, बाया मासा विकतात. पहाटे घाटावर काटा लागतो. अकरा बाया टोपल्या घेऊन येतात, मासा मोजून घेतात, आणि कोणी साकोलीच्या बाजाराला, कोणी गावोगाव निघतात.

काटा आमच्या घराण्याचा. आधी बाप मोजायचा, मग माझा थोरला भाऊ, भाऊ गेल्यावर त्याचा मुलगा दिलीप. दिलीपला काट्यावर मीच बसवलं. काट्याच्या वर, खोलीच्या भिंतीला भावाचा फोटो आहे. दर दिवाळीला हार मी बदलतो.

माझी बायको सरजा. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, भाऊ काट्यावर असताना, तिने टोपली सोडली. मान दुखते म्हणाली. मी म्हटलं, नको उचलू. तेव्हापासून ती घाटाकडे फिरकली नाही. मला चहा पाठवायचा तर दुसऱ्याच्या हाताने पाठवते. अख्ख्या गावात टोपली न उचलणारी बाई एकच, आणि ती माझ्या घरची! हे मी चारचौघांत मोठ्या तोऱ्यात सांगत आलो.

*

भरलेली टोपली एकट्या बाईला डोक्यावर घेता येत नाही. दुसऱ्याने उचलून द्यावी लागते. ती खाली वाकते, टोपली वर येते, ती दोन्ही हातांनी कडा धरते आणि चुंबळीवर नीट बसवते. तेवढा वेळ तिचे दोन्ही हात वर असतात.

टोपली उचलून द्यायचं काम काटेवाल्याचं. रिवाजच तसा.

त्या अकरा जणींतली शकुन एक दिवस माझ्याकडे सोसायटीच्या ऑफिसात आली. हसतमुख पोरगी. नवरा चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत कामाला, सुट्टीला घरी येतो. उभी राहिली, खाली बघून म्हणाली, "मामाजी, दिलीपभाऊ टोपली देतानी हात लावते."

मी चहा पीत होतो. म्हटलं, "गर्दीत लागला असंल."

"गर्दीत एक डाव लागते, मामाजी. रोज नाई लागत."

मी म्हटलं, "पाहतो."

ती गेली. मी चहा पिऊन टाकला. पाहिलं काहीच नाही.

*

दुसऱ्या दिवसापासून बायांनी दिलीपला टोपलीला हात लावू दिला नाही. एकमेकींच्या टोपल्या एकमेकींनी उचलून दिल्या. बोलल्या काही नाहीत. मोजून झालं की "सर बाजूला, भाऊ," एवढंच.

पण यात एक खोट होती. जिच्या डोक्यावर टोपली चढली तिला दुसरीची उचलता येत नाही. दहा जणींचं जमायचं. अकरावी मागे उरायची.

दिलीप हुशार. त्याने लगेच ओळखलं. तो शकुनला मासा सगळ्यांत शेवटी मोजायला लागला! सगळ्या लादून उभ्या, आणि शकुन खाली भरली टोपली घेऊन. घाटावर ती आणि तो.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, काठी टेकत एक म्हातारी आली. भागरथाबाई, शकुनची सासू. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. मासा विकणं सोडून तिला दहा वर्षं झाली. घाटाच्या दगडावर बसून राहिली.

मी म्हटलं, "बाई, तू कायले आली?"

"शेवटची टोपली उचलाले."

दहा टोपल्या गेल्या. दिलीपने शकुनचा मासा मोजला. म्हातारी उठली, काठी दगडाला टेकवली, टोपली उचलून सुनेच्या डोक्यावर दिली. मग काठी घेतली आणि घरी गेली.

आणि रोज आली! थंडी होती, धुकं होतं, तलाव दिसत नव्हता. काठीचा आवाज मात्र यायचा. टक. टक. दिलीप तो आवाज आला की मान खाली घालायचा. सुनेची बाजू घेऊन भांडणाऱ्या सासवा मी पाहिल्या आहेत. एक शब्द न भांडणारी ही पहिली.

*

पुढे साकोलीला बायांचं ट्रेनिंग झालं. एका वकीलताईने घेतलं. आमच्या अकराही जणी गेल्या, आणि भागरथाबाई बारावी. परत आल्या त्या सरळ माझ्या ऑफिसात.

शकुन म्हणाली, "मामाजी, दहा माणसं जिथं कामाले, तिथं बायांच्या तक्रारीची कमिटी पाह्यजे. कायदा आहे."

मी म्हटलं, "ते ऑफिसाले. फॅक्टरीले. हा तलाव आहे. हे काय ऑफिस आहे का?"

भागरथाबाईने माझ्या टेबलाकडे पाहिलं. शिक्का पाहिला, घंटी पाहिली, माझी खुर्ची पाहिली.

"ऑफिस नाई, तं मंग त्या खुर्चीवर तू कायले बसून रायते, गोविंदा?"

मला गोविंदा म्हणणारी गावात आता तीच उरली आहे. कमिटी मी दिली नाही. पुतण्या होता माझा.

*

शर्टाचा किस्सा साकोलीच्या आठवडी बाजारातला. त्या दिवशी अकराही जणी तिथेच बसतात. हा तर मी डोळ्यांनी पाहिला, जाळ्याची दोरी घ्यायला गेलो होतो.

एक कॉलेजची पोरगी भाजी घेत होती. पांढऱ्या शर्टाचा एक माणूस गर्दीतून मुद्दाम तिला घासून गेला. परत फिरला, परत घासून गेला. पोरगी रडकुंडीला आली. लोक बघून राहिले होते. मीही.

शकुन पाटावर मासा कापत होती. तिने वर पाहिलं. उठली. तिच्या बाजूची उठली. एकेक करून अकरा जणी उठल्या आणि त्याच्याभोवती उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता मार खातो!

कोणी मारलं नाही. शकुनने आपला मासळीचा ओला हात त्याच्या शर्टाला पुसला. नीट, पदराला पुसावा तसा. मग दुसरीने. मग तिसरीने. अकरा जणींनी हात पुसले आणि आपापल्या पाटावर जाऊन बसल्या.

"माफ करजा भाऊ," शकुन म्हणाली. "गर्दीत लागला हात."

ते वाक्य माझं होतं. मी दोरी न घेताच बसस्टँडवर आलो. तो माणूस माझ्याच बसमध्ये चढला. बस खचाखच भरली होती, लोक दाराला लटकत होते. त्याच्या बाजूची सीट घरापर्यंत रिकामी राहिली.

*

शकुनचा नवरा रमेश सुट्टीला घरी आला, तेव्हा गावची चार माणसं त्याला पाळीवर घेऊन बसली. मीही होतो. चौघांचं म्हणणं एकच: बायकोला समजाव, गावाची इज्जत जाते.

रमेश कमी बोलणारा. खाणीतली माणसं तशीच असतात. सगळं ऐकलं. मग म्हणाला, "खाणीत मेट, म्हंजे आमचा मुकादम, आधी उतरते. छत ठोकून पाहते. तो म्हणते पक्कं आहे, तं आमी जाऊन काम करतो. तो म्हणते कच्चं आहे, तं कोणी पाय ठेवत नाई. कोणी म्हणत नाई, तुले भास झाला असंल."

एक जण म्हणाला, "त्याचा इथं काय संबंध?"

"रोज घाटावर ती उतरते," रमेश म्हणाला. "मी नाई उतरत. ती म्हणते कच्चं आहे, तं कच्चं आहे."

उठून गेला. चौघांपैकी एकाने विडी पेटवली आणि न ओढताच विझवली.

*

आता जाळ्याचा किस्सा. टपरीवर सगळ्यांत जास्त खोटा हाच सांगतात.

आमच्या गावात मोठं जाळं पाळीवर वाळत घालतात. बाईने ते ओलांडायचं नाही. ओलांडलं तर जाळं धुवायचं, हळद लावायची, ऊद दाखवायचा, आणि त्या दिवशी पाण्यात घालायचं नाही. ही रूढी माझ्या बापाच्या बापापासूनची. ती पाळली जाते की नाही हे पाहणारा मी. एकदा शाळेच्या नव्या मॅडम चुकून जाळ्यावरून गेल्या, तर मी सगळ्यांना घरी पाठवलं होतं. हेडमास्तर हात जोडत आले, तरी ऐकलं नाही.

एका सोमवारी सकाळी आम्ही जाळं उचलायला पाळीवर आलो. समोरून अकरा जणी येत होत्या. एका ओळीत, डोक्यावर पदर, पायात चपला नाहीत. पुढे शकुन.

ती जाळ्यापाशी थांबली. मला हात जोडले. "नमस्कार, मामाजी."

आणि ओलांडून गेली! मागून दुसरी. "नमस्कार, मामाजी." तिसरी. अकरा नमस्कार झाले. ओळ घरी गेली.

सगळे पुरुष माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी म्हटलं, "जाळं धुवा."

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. जाळं धुऊन धुऊन पांढरं पडलं. हळद संपली. त्यांच्याही चुली मासा विकूनच पेटत होत्या, हे विसरू नका. चार दिवस त्यांच्या घरी अंबाडीची भाजी आणि पेज. एकही मागे हटली नाही.

गुरुवारी मी भागरथाबाईच्या दारात गेलो. "बाई, तुमी रूढी मोडून राहिल्या."

ती तांदूळ निवडत होती. "मोडली कुठं? आमी ओलांडतो, तू धुते. सारं रूढीनंच चालू आहे ना, बाप्पा!"

शुक्रवारी जाळं ओढणारे सगळे माझ्यासमोर उभे राहिले. त्यांतला म्होरक्या म्हणाला, "काका, एक तं रूढी सोडा, नाई तं दिलीपले सोडा. दोन्ही धरून तलाव चालत नाई."

मी रूढी सोडली नाही. आजही सोडलेली नाही. शनिवारी जाळं पाण्यात गेलं आणि कमिटी बसली.

*

कमिटीत कोण असावं यावरून थोडी ओढाताण झाली. वकीलताई म्हणाली, तक्रार करणारीची सासू नको, आणि दिलीपच्या घरचंही कोणी नको. भागरथाबाई म्हणाली, "बरोबर आहे. मी टोपली घेऊन येतो." आम्हाला कळलं नाही.

शेवटी अंगणवाडीची ताई, दोन मासेवाल्या आणि वकीलताई अशी कमिटी बसली. जागा माझ्या ऑफिसातली. शकुन एका बाजूला, दिलीप एका बाजूला. मी दाराशी स्टुलावर. खुर्ची अंगणवाडीच्या ताईला दिली होती.

वकीलताईने शकुनला विचारलं, "आधी कोणाला सांगितलं होतं?"

शकुन खाली बघत राहिली. तिने माझं नाव घेतलं नाही. माझ्या वयाचा मान ठेवला. मला ते जास्त लागलं.

मी उभा राहिलो. "मले सांगितलं होतं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"चहा पेलो."

अंगणवाडीच्या ताईने ते लिहून घेतलं. मी खाली बसलो.

दिलीपचं म्हणणं होतं, "मी तं मदत करत होतो. आणि हिले नको होतं, तं हिनं तवाच हात झटकाचा होता! तिथंच ओरडाचं होतं!"

दारात काठी वाजली. भागरथाबाई आली. मागे रमेश, हातात भरली टोपली. ताजा मासा, पाणी गळणारा.

म्हातारी ताईला म्हणाली, "मी कमिटीत नाई. पण सामान तं दाखवू शकतो ना?" मग दिलीपला म्हणाली, "ये बेटा. खाली वाक."

दिलीप माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "वाक."

रमेश आणि म्हातारीने टोपली त्याच्या डोक्यावर दिली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या डोक्यावर टोपली आली असेल. ती इकडे कलली, तिकडे कलली. त्याने दोन्ही हातांनी कडा घट्ट धरल्या. माशाचं पाणी कपाळावरून डोळ्यांत उतरलं. पुसता येईना.

जिथे मासा तिथे माशी. एक आली, त्याच्या नाकावर बसली.

"हाकल," भागरथाबाई म्हणाली.

त्याने तोंड हलवलं. माशी उठली, पुन्हा बसली. ओठावर आली. त्याने फुंकर मारली. गालावर गेली. गळ्यावर उतरली. ऑफिसात कोणी हललं नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. दिलीपचे हात वर होते आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. माशाचं की त्याचं, देव जाणे.

"उतरवा," तो म्हणाला. "उतरवा ना वो."

टोपली उतरवली. म्हातारी काठी घेऊन दाराकडे वळली. जाता जाता म्हणाली, "ते माशी होती, बेटा. तिले नुसतं बसाचं होतं."

दिलीप तोंड पुसत राहिला.

वकीलताईने शकुनला सांगितलं, पोलिसांत जायचा रस्ता तुला मोकळा आहे, आजही आणि पुढेही. आता काय पाहिजे ते सांग. शकुन म्हणाली, "मले घाटावर मान वर करून याचं आहे. त्यानं घाटावर नाई याचं. बस."

कमिटीने तसं लिहून दिलं. अमलात आणायचं काम चेअरमनचं. काट्याच्या खोलीची किल्ली दिलीपच्या कमरेची मी माझ्या हाताने सोडवली. तीन पिढ्यांचा काटा माझ्या हाताने घराबाहेर गेला. आता बाया पाळीपाळीने मोजतात. पहिली पाळी शकुनची होती.

*

ही गोष्ट फिरत गेली. आजूबाजूच्या तलावांवरच्या बाया येऊन विचारून गेल्या. मग पावसाळ्यात धानाच्या रोवणीच्या बाया आल्या, वीसेक जणी, चिखलाच्या पायांनी. त्यांच्या मुकादमाची तक्रार होती. भागरथाबाईच्या अंगणात बसल्या.

एकीने विचारलं, "आजी, कमिटी कशी कराची? आधी अर्ज लिवाचा का आधी मीटिंग घ्याची?"

म्हातारी म्हणाली, "मुकादमाची उंची किती आहे?"

"काऊन, आजी?"

"टोपली कोणती द्याची ते पाहतो!"

अख्खं अंगण हसलं. मीही हसलो असेन. मला हसताना पाहून दोन पोरी दचकल्या.

*

एक किस्सा राहिला. हा टपरीवर कोणाला माहीत नाही.

कमिटी बसली त्याच्या दुसऱ्या दिवशीची पहाट. काट्यावर शकुन. पहिलाच दिवस, म्हणून गावातली बरीच माणसं घाटावर आलेली. मी नेहमीच्या जागी उभा. बायांच्या टोपल्या एकेक करून चढत होत्या. भागरथाबाई दगडावर बसलेली.

पाळीवरून सरजा येताना दिसली.

मला वाटलं, चहा घेऊन आली. मग पाहिलं, हातात टोपली होती. आमच्या माळ्यावरची, लग्नातली. बांबू काळा पडला होता, पण धुऊन आणलेली. डोक्यावर नवी चुंबळ.

बायांनी वाट दिली.

ती काट्यापाशी आली. वर भिंतीकडे, भावाच्या फोटोकडे तिने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग शकुनला म्हणाली, "मोज, बेटा."

शकुनने मोजलं. टोपली भरली. उचलून द्यायला शकुन पुढे आली, भागरथाबाई दगडावरून उठली. सरजाने दोघींना थांबवलं.

"यायले देऊ द्या," ती माझ्याकडे बघून म्हणाली.

मी आजवर कोणत्याच बाईला टोपली उचलून दिली नव्हती. पुढे झालो. ती वाकली. मी उचलली. जड होती. तिने दोन्ही हात वर केले, कडा धरली, आणि माझ्या तोंडासमोर तिचा चेहरा आला.

मी हळूच म्हटलं, "तुझी मान दुखते ना?"

"अजी," ती म्हणाली, "मान तं कधी दुखलीच नवती."

आणि ती निघाली. पाळीवर चढ आहे, दगड आहेत, दवाने गवत ओलं होतं. वर पोचल्यावर तिने दोन्ही हात खाली सोडले. तशीच चालत गेली. मी पाळीच्या वळणापर्यंत बघत होतो.

टोपली हलली नाही.